लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली लिंकनची कागदपत्रं: लष्करी अनुभवाचा प्रश्न मुळातून तपासायचा असेल तर

युद्धकाळातला राष्ट्राध्यक्ष सैन्यात राहिलेला असावा का, यावर ठाम मतं सगळ्यांकडे असतात. तपासायला मूळ कागद हवा असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसने संकेतस्थळावर ठेवलेला, अमेरिकी गृहयुद्धातले राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा संग्रह उघडावा. एकूण ४०,००० हून अधिक कागद, त्यातले सुमारे अर्धे स्कॅन केलेले, मोफत. मुलगा रॉबर्ट यांच्या अटीमुळे हे गाठोडं रॉबर्ट यांच्याच मृत्यूनंतर २१ वर्षं बंद होतं. २६ जुलै १९४७ ला उघडलं.

प्रश्नासाठी याहून चांगली जोडी नाही. लिंकन १८३२ मध्ये ब्लॅक हॉक युद्धात मिलिशियात काही आठवडे होते, पण लढाई पाहिली नाही. समोर गृहयुद्धात हरलेल्या दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस: वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे पदवीधर, मेक्सिको युद्धात रेजिमेंटचे कर्नल, नंतर चार वर्षं अमेरिकेचे युद्धमंत्री. अनुभवावरच निकाल लागायचा असता तर तो डेव्हिसच्या बाजूने लागायला हवा होता.

शोधायची पद्धत सोपी आहे, पण ती माहीत नसेल तर दिवस वाया जातो. प्रत्येक नोंदीच्या शीर्षकात कोणी, कोणाला, वार, तारीख आणि बहुतेकदा कंसात विषय असतो. म्हणून विषयाऐवजी सेनापतीचं आडनाव टाका आणि वर्षाने गाळा. पत्राच्या आतल्या शब्दांवर शोध फक्त लिप्यंतर झालेल्या कागदांत लागतो. नॉक्स कॉलेजच्या अभ्यासकांनी आणि २०१८ पासून स्वयंसेवकांनी पुष्कळ मजकूर उतरवला आहे, तरी शोध रिकामा आला म्हणजे कागदच नाही असं धरू नका. शेवटचं चित्रही उघडा. मागच्या बाजूचा किंवा पाकिटावरचा शेरा कधीकधी पत्राइतकाच बोलतो.

सुरुवात १४ जुलै १८६३ च्या पत्रापासून करावी. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही लिंकन यांचे सेनापती मीड यांनी दक्षिणेचे सेनापती ली यांच्या सैन्याला पोटोमॅक नदी ओलांडू दिली, म्हणून लिंकन यांनी व्यथित होऊन लिहिलं. पाकिटावर शेरा आहे की हे कधी पाठवलं नाही, सही केली नाही. लढाई न पाहिलेल्या माणसाला सेनापतीची चूक दिसत होती, आणि राग कागदावरच ठेवायचं भानही होतं. मला हा संग्रहातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो.

मोठी अडचण संग्रहाच्या स्वभावातच आहे. इथे प्रामुख्याने लिंकन यांच्याकडे *आलेली* पत्रं आहेत. पाठवलेली पत्रं मिळणाऱ्याकडे गेली. फक्त हेच वाचलं तर सेनापतींच्या तक्रारी आणि सबबी ऐकू येतात, उत्तर नाही. त्यासाठी रॉय बॅस्लर यांनी संपादित केलेलं लिंकन यांचं समग्र लेखन जोडीला हवं. मिशिगन विद्यापीठाने ते ऑनलाइन ठेवलं आहे. दोन्ही खिडक्या शेजारी उघडून तारीख जुळवत वाचा.

त्यातली दोन पत्रं चुकवू नका. १३ ऑक्टोबर १८६२ च्या पत्रात आपले सेनापती मॅक्लेलन यांना लिंकन नकाशाच समजावतात: दक्षिणेची राजधानी रिचमंडला जायचा शत्रूचा रस्ता वर्तुळाचा कंस, तुमचा जीवा, मग तो आधी पोचेलच कसा? हे बरॅकमध्ये शिकलेलं नव्हे. त्याच वर्षी जानेवारीत जनरल हॅलेक यांचं युद्धशास्त्रावरचं पुस्तक त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधूनच वाचायला नेलं होतं. दुसरं पत्र १ जानेवारी १८६३ चं, खुद्द हॅलेक यांना, जे तोवर सरसेनापती होते: सेनापती बर्नसाइड यांची योजना जागेवर जाऊन तपासा आणि होय की नाही ते सांगा, नाहीतर तुमचं लष्करी कौशल्य माझ्या काय कामाचं? हॅलेक दुखावले, लिंकन यांनी पत्र मागे घेतलं. अनुभवी माणूस हाताशी होता. तो निर्णय घ्यायला तयार नव्हता.

डेव्हिसची बाजू या संग्रहात शोधू नका. त्यासाठी राइस विद्यापीठाच्या प्रकल्पातून निघालेले १४ खंड आहेत. वेळ कमी असेल तर त्यातला जुलै १८६४ काढा: अटलांटासमोर सेनापती जोसेफ जॉन्स्टन यांना हटवून डेव्हिस यांनी त्यांच्या जागी हूड यांना आणलं, आणि २ सप्टेंबरला शहर गेलं.