सोल्डरिंगचा धूर ओढणारा पंखा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करण्याचा छंद मला बारा वर्षांपासून आहे आणि त्यातली बरीच वर्षे सोल्डरच्या (सुटे भाग जोडण्यासाठी वितळवायच्या शिसे-कथिलाच्या तारेच्या) धुराचा तो गोडसर वास मला मनापासून आवडत असे. गेल्या पावसाळ्यात खिडक्या लावून घेऊन सलग तीन संध्याकाळी काम केले, तेव्हा तिसऱ्या रात्री खोकल्याने जाग आली आणि छाती आवळून धरल्यासारखी वाटू लागली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी निदान केले की मला सोल्डरच्या तारेतल्या राळेच्या धुराची ॲलर्जी जडली आहे, आणि एकदा ती जडली की पुढे थोडासा धूरही त्रासाला पुरतो. छंद कायमचा सुटतो की काय, या धास्तीने मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून हा मेजावर ठेवायचा धूरशोषक सव्वादोन हजार रुपयांना घेतला. याच घडणीची यंत्रे बाजारात अनेक नावांनी मिळतात, त्यामुळे पुढे लिहिलेले बहुतेक सगळ्यांना लागू पडावे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा धूर शिशाचा असतो असे पुष्कळजण समजतात. परंतु शिसे उकळायला सुमारे १७५० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि आपल्या आयर्नचे, म्हणजे सोल्डर वितळवायच्या विजेच्या कांडीचे, टोक ३५० अंशांच्या आसपास असते. शिसे पोटात जाते ते हातांवाटे, म्हणून काम थांबवून चहा घेण्यापूर्वी हात साबणाने धुणे अगत्याचे आहे. डोळ्यांसमोर वर चढणारा पांढरा धूर मात्र सोल्डर वायरच्या पोटातल्या फ्लक्सचा (सांधा नीट धरावा म्हणून भरलेल्या पदार्थाचा), म्हणजे प्रामुख्याने चीडवृक्षाच्या राळेचा असतो, आणि राळेचा धूर हे दम्याचे एक ठळक व्यावसायिक कारण असल्याचे ब्रिटनमधील कामगार-सुरक्षा यंत्रणाही सांगते.

यंत्राची रचना अगदी साधी आहे. प्लॅस्टिकच्या चौकटीत साधारण १२ सेंटिमीटरचा पंखा, त्याच्यापुढे सक्रिय कार्बन मुरवलेला काळा स्पंज आणि मागे जाळी, एवढाच सगळा ऐवज आहे. आवाज टेबलफॅनपेक्षा थोडा जास्त येतो, पण रेडिओचा आवाज तपासायचा नसेल तेव्हा तो खटकत नाही.

पंखा किती अंतरावरून धूर ओढतो, हे पाहण्यासाठी मी सोल्डरऐवजी उदबत्ती लावली. स्पंजापासून चार बोटांवर धरली तेव्हा धुराची रेघ सरळ आडवी होऊन स्पंजात शिरली. वीतभर अंतरावर ती नुसती थरथरली आणि त्याहून लांब नेल्यावर पंखा जणू बंदच असल्यासारखी सरळ वर निघून गेली. हा काही माझ्या यंत्राचा दोष नाही. कोणत्याही उघड्या तोंडाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने ओसरते आणि तोंडाच्या व्यासाइतके दूर गेले की हवेचा वेग जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून हे यंत्र मेजाच्या कोपऱ्यात ठेवून काहीच साधत नाही. ते पीसीबीच्या (सुटे भाग बसवलेल्या सर्किटच्या पट्टीच्या) पलीकडच्या बाजूला, अगदी खेटून ठेवावे लागते, कारण गरम धूर सरळ वर चढतो आणि बारीक काम करताना आपला चेहरा नेमका त्याच्या वाटेत असतो.

एवढे पाळूनही पहिले दोन महिने माझा त्रास पूर्ण थांबला नाही. डॉक्टरांनी दिलेल्या पीक फ्लो मीटरवर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचे साधन; आकडा उतरला की श्वासनलिका आवळल्या असे समजायचे) माझा आकडा एरवी ३८० येतो. काम केलेल्या रात्रीनंतर सकाळी तो ३२० पर्यंत उतरलेला दिसे. कारण नंतर लक्षात आले. सक्रिय कार्बन वायू आणि वास धरून ठेवतो, पण राळेच्या धुराचा मोठा भाग हा अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि ते कण या सच्छिद्र स्पंजातून आरपार जातात. वास कमी झाला म्हणून मी निश्चिंत होते आणि कण मात्र त्याच बंद खोलीत माझ्याभोवती फिरत होते. मागची जाळी पुसली तेव्हा बोटाला पिवळसर, चिकट थर लागला, तोच याचा पुरावा. खोक्यावर छापलेला ‘हवा शुद्ध करतो’ हा दावा ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी मानू नये, असे मी कळकळीने सांगते.

मग मी स्पंज काढून टाकला आणि यंत्राच्या पाठीला पुठ्ठ्याची पेटी बसवून, स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तसला चार इंची ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप सरकत्या खिडकीच्या फटीत प्लायच्या पट्टीतून बाहेर काढला. अशा पंख्याला दाब फारसा नसतो, म्हणून पाइप हातभर लांबीचा आणि शक्य तितका सरळ ठेवला. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी ताजी हवा यावी म्हणून समोरचे दार उघडे ठेवते आणि छताचा पंखा बंद करते. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, कोणा शेजाऱ्याच्या तोंडावर नाही, हेही पाहून घेतले. तेव्हापासून सकाळचा आकडा ३७० च्या खाली गेलेला नाही.

राळविरहित फ्लक्सची वायरही वापरून पाहिली. मला ती सोसली, परंतु तिच्यातली सेंद्रिय आम्लेही काहींना बाधतात, तेव्हा तिच्या भरवशावर पंखा बंद ठेवू नये. पीसीबी पुसायचे आयसोप्रोपिल अल्कोहोलही मी आता याच पाइपासमोर उघडते.

ज्यांना अजून कसलाच त्रास नाही आणि जे महिन्याकाठी चार-दोन टाके मारतात, त्यांना हे यंत्र आहे तसे, उघड्या खिडकीपाशी ठेवून चालेल. ज्यांची छाती एकदा भरून आली आहे त्यांनी ते केवळ पंखा आणि चौकट म्हणून घ्यावे, पाइपाचे चारशे रुपये त्याच दिवशी वेगळे काढावेत आणि पाइप बसेपर्यंत आयर्न तापवू नये.