प्रतीकांच्या अभ्यासासाठी कथा घ्यावी की चित्रपट?

एम. ए. मराठीचे विद्यार्थी संशोधन प्रकल्पाचा विषय ठरवायला येतात, तेव्हा गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास विचारला जातो : प्रतीकांमधून आशयसूत्र कसे व्यक्त होते हे अभ्यासायचे आहे, तर त्यासाठी कथा-कादंबरी घ्यावी की चित्रपट? अंबाजोगाई, केज, कळंब या भागांतून येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने हा निव्वळ आवडीचा प्रश्न नाही, कारण हाती असलेल्या चार-पाच महिन्यांत काय पुन्हा पुन्हा वाचता किंवा पाहता येईल, यावर पुढचे सगळे काम अवलंबून असते. माझा कल कथेकडे आहे, पण तो सर्वांना सारखा लागू पडत नाही.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नवव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे, म्हणजे शब्दांतून सूचित होणाऱ्या अर्थाचे, जे प्रकार मांडले, त्यांतील एका प्रमुख प्रकारात वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, पुसला जात नाही, तो जागेवर राहतो आणि त्याच्यामधूनच दुसरा अर्थ ऐकू येतो. प्रतीकाचा अभ्यास नेमका इथेच चुकतो. विद्यार्थी वहीत दोन रकाने आखतात, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे तिचा अर्थ लिहितात, आणि एकदा अर्थ लिहून झाला की वस्तूकडे परत पाहत नाहीत. त्यामुळे माध्यम निवडताना, कोणत्या माध्यमात वस्तूवर आपली नजर अधिक काळ टिकते, हे प्रत्येकाने स्वतःपुरते तपासावे.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा घ्या. टमाट्याचा भाव कोसळतो आणि बाजारात आणलेला माल बाप स्वतःच्या पायांनी तुडवतो, एवढाच तिचा कणा, आणि हे सगळे मुलगा सांगतो. शीर्षकातले दोन्ही शब्द रोजच्या वापरातले आहेत. पण मराठवाड्यातल्या माणसाला चिखल ही शुभवार्ता असते. पाऊस पडला, रान भिजले, आता पेरणी होणार, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. इथे तो चिखल पावसाने झालेला नाही, पिकून हाती आलेल्या फळाचा झाला आहे. जो शब्द हंगामाच्या सुरुवातीला यायचा, तो शेवटाला आला. ही उलटापालट कोणत्याही वाक्यात समजावून सांगावी लागत नाही, कारण भाषेच्या पोटात ती आधीपासूनच आहे, आणि म्हणूनच कथेतील प्रतीकाचा अभ्यास हा बऱ्याच अंशी शब्दांच्या स्थानिक वजनाचा अभ्यास ठरतो.

वर्गात ही कथा वाचून झाल्यावर सगळे गप्प होते. मग मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माल तुडवला तरी रिकामे कॅरेट माघारी न्यायचं भाडं लागतंच की.” कथेच्या संहितेत नसलेला हा तपशील तिने घरून आणला होता, आणि त्यामुळे तुडवण्याच्या कृतीतला हताशपणा आम्हा सर्वांना अधिक नेमका कळला. शब्द रिकाम्या जागा ठेवतात आणि वाचक त्या आपल्या अनुभवाने भरतो, हे कथेचे मोठे बळ आहे. त्यात एक धोकाही आहे : स्वतःचा अनुभव इतका भरू नये की संहिता त्याखाली झाकली जाईल.

चित्रपटाचे काम वेगळ्या रीतीने चालते. तिथे वस्तू आधीच डोळ्यांपुढे असते, तिला रंग, आकार, अंतर असते. प्रेक्षकाने ती कल्पनेत उभी करायची नसते. मग ती प्रतीक कशी होते? मुख्यतः पुन्हा पुन्हा येण्याने, चौकटीत तिच्याशेजारी काय ठेवले आहे त्याने, आणि ध्वनीने. २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये जब्या हा शाळकरी मुलगा काळ्या चिमणीमागे फिरतो, कारण तिची राख टाकली की आवडती मुलगी आपली होईल असे त्याला वाटते. चिमणी दिसते आणि निसटते. डुक्कर मात्र त्याला चुकवता येत नाही. कैकाडी भाषेत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर, आणि हाच शब्द त्याला हिणवायला वापरला जातो. हवी असलेली चिमणी आणि वाट्याला आलेले डुक्कर यांच्यातले अंतर हेच या चित्रपटाचे आशयसूत्र, असे मी म्हणेन.

त्यातली दोन दृश्ये प्रकल्पासाठी फार मोलाची आहेत. डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्याचे सगळे कुटुंब आहे तिथे स्तब्ध उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह समाजसुधारकांची चित्रे दिसतात. या दोन्ही ठिकाणी कोणीही भाष्य करत नाही. भिंतीचे दृश्य मी वर्गात आधी आवाज बंद ठेवून आणि नंतर आवाजासह दाखवले, तेव्हा विद्यार्थ्यांनी दोन वेळा वेगवेगळ्या नोंदी केल्या : पहिल्यांदा त्यांनी भिंत पाहिली, दुसऱ्यांदा ओझे वाहणाऱ्यांची चाल. हेच गद्यात लिहायचे झाले, तर लेखकाला भिंतीचा उल्लेख करावा लागेल, आणि उल्लेख केला की बोट दाखवल्यासारखे होईल. पार्श्वभूमी न बोलता पार्श्वभूमीतच ठेवण्याची सोय कॅमेऱ्याला अधिक आहे.

याच्या उलट, निवेदकाचा आवाज हे साधन कादंबरीकडे अधिक समर्थ रूपात आहे. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीत शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको मराठवाडी बोलीत सांगते. तिथे प्रतीकात्मकता एखाद्या वस्तूपुरती उरत नाही. बोलीच्या ओघात, सांगता सांगता अडखळण्यात ती विखुरलेली असते. बोलीभाषा हा ज्यांच्या आस्थेचा विषय आहे, त्यांनी फार विचार न करता कादंबरी घ्यावी.

व्यावहारिक बाजू थोडक्यात सांगतो. कथेतून अवतरण देताना पृष्ठक्रमांक पुरतो. चित्रपटासाठी दृश्याची वेळ, चौकटीचे वर्णन, कॅमेऱ्याचे अंतर आणि ध्वनी हे सर्व स्वतः शब्दांत लिहून काढावे लागते, आणि एका दृश्याची चांगली नोंद करायला कधी पूर्ण दुपार जाते. गावी नेटची अडचण असेल, तर हा खर्च आधीच मोजावा. मात्र ज्यांना अर्थाचे रकाने भरण्याची सवय लागली आहे, त्यांना मी मुद्दाम चित्रपट घ्यायला सांगतो, कारण पडद्यावरची वस्तू इतकी ठसठशीत असते की तिला चटकन अर्थात विरघळवता येत नाही.

तरीही मन ठरत नसेल, तर एकच कथानक दोन्ही माध्यमांत पाहावे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीवर सत्यजित राय यांनी १९५५ मध्ये चित्रपट केला. कादंबरीतल्या दुर्गाला आगगाडी कधीच पाहायला मिळत नाही. चित्रपटात ती आणि तिचा धाकटा भाऊ अपू दोघे पांढऱ्या काशफुलांच्या रानातून धावत जातात आणि गाडी पाहतात. एकीकडे गाडी ही न गाठलेल्या जगाची खूण राहते, दुसरीकडे ते जग धूर सोडत जवळून निघून जाते. (लातूरच्या एका विद्यार्थ्याला हे दृश्य पाहताना एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवली. त्याने ती आठवण प्रकल्पाच्या प्रस्तावनेत लिहिली, विश्लेषणात आणली नाही. हे मला योग्य वाटले.)

दुर्गाच्या मृत्यूनंतर अपूला तिने चोरलेली वस्तू सापडते, तो प्रसंगही असाच शेजारी ठेवून पाहावा. कादंबरीत ती सोन्याची लहान डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बेटात फेकतो. चित्रपटात ती माळ आहे आणि तो ती तळ्यात फेकतो. पाण्यावरची वनस्पती बाजूला सरते, क्षणभर काळे पाणी उघडे दिसते आणि मग ती हळूहळू पुन्हा मिटते. बांबूचे बेट सोडून तळे का निवडले असेल, या एका प्रश्नावर दहा पाने लिहिता येत असतील, तर चित्रपट घ्यावा. ती डबी फेकताना अपूच्या मनात काय चालले असेल, याकडेच मन परत परत वळत असेल, तर कादंबरी.