बेलोऱ्याहून मुंबई: दर्यापूरकडच्या माणसाला परवडणारा वेळ

आईला गुडघ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं. बडनेऱ्याहून रात्रभर रेल्वेत बसणं तिला आता झेपत नाही. आमच्या दर्यापूरहून नागपूर विमानतळ गाठायचा तर दोनशे किलोमीटरच्या वर गाडी हाकावी लागते. त्यामुळे अमरावतीचं बेलोरा विमानतळ एप्रिल 2025 मध्ये सुरू झालं, तेव्हा आमच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातल्या लोकांची मोठी सोय झाली. गावातून निघालं की साठ-पासष्ट किलोमीटरवर विमानतळ!

बरेच जण विचारतात, अमरावती नागपूरपेक्षा मुंबईला जवळ, मग विमानाला वेळ नागपूरइतकाच कसा लागतो? नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर, बेलोऱ्याहून साधारण 540. पण नागपूरहून जेट उडतं, ते ताशी 800 च्या आसपास जातं. बेलोऱ्याहून पंख्याचं एटीआर-72 आहे, त्याचा वेग 500 च्या घरात. शिवाय तिकिटावरचा पावणेदोन तास म्हणजे नुसतं उडणं नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत उभं राहीपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दी असली की वर घिरट्या घालाव्या लागतात. त्याची सवड वेळापत्रकात धरलेली असते.

मला या विमानात सगळ्यात आवडला तो त्याचा जिना. मागच्या दारालाच आतून पायऱ्या असतात, मोजक्या आणि बुटक्या. आईनं कठडा धरला, एकेक पाय टेकवत वर गेली आणि म्हणाली, "हे तं यष्टीपेक्षा सोपं हाय रे बाप्पा!" गुडघेदुखीच्या माणसासाठी एवढं पुरेसं आहे. पंख खिडकीच्या वर असल्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. विमान जेटपेक्षा कमी उंचीवरून जातं, त्यामुळे शेतांचे बांधसुद्धा ओळखू येतात. सह्याद्री येईपर्यंत आईनं खिडकीवरचं डोकं हलवलं नाही.

आवाज मात्र आहे, आणि चांगलाच आहे. पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या रांगा घेऊ नका. मागे बसलं तर घरघर कमी येते आणि दारही जवळ पडतं. वरचे कप्पे लहान आहेत, मोठी बॅग मावत नाही. औषधं आणि रिपोर्ट वेगळ्या पिशवीत हातात ठेवा.

रोज विमान नाही, ही खरी अडचण. दवाखान्याची तारीख आधी घेऊन मग तिकीट बघाल, तर मुंबईत उगाच मुक्काम वाढतो आणि तिथली खोली विमानापेक्षा महाग पडते. आधी विमानाचे वार बघा, त्याप्रमाणे डॉक्टरांची वेळ मागा. बेलोऱ्याहून परत येताना गावची गाडीही सांगून ठेवा. यष्टीसाठी अमरावती किंवा बडनेऱ्यापर्यंत यावंच लागतं.