मोइना कल्चर किट: खरा माल हिरव्या बाटलीत

पुण्यातल्या मत्स्यालयाच्या दुकानांत हे किट मिळतं. एका बाटलीत जिवंत मोइना, म्हणजे माशांना खाऊ घालायचे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, दुसरीत त्यांचं खाद्य असलेलं शेवाळाचं हिरवं पाणी, सोबत यीस्टची पुडी. गप्पी माशांची पिल्लं वाढवणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. नुकताच जन्मलेला मोइना ०.४ मिलिमीटरहूनही लहान असतो, त्यामुळे पिल्लांच्या तोंडात मावतो. शिवाय खाल्ला जाईपर्यंत जिवंत राहतो, कोरड्या खाद्यासारखा तळाशी सडत नाही.

किटसोबतचं सूचनापत्रक मात्र बाजूला ठेवा. दोन्ही बाटल्या एकाच बादलीत ओता, असं त्यात छापलंय. तसं केलं की मोइना शेवाळ फस्त करतात, पाणी नितळ होतं आणि मग उपासमार सुरू होते. अन्नसाखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जेमतेम दहावा हिस्सा ऊर्जा पोचते. म्हणून शेवाळाची बादली मोइनाच्या बादलीपेक्षा मोठी हवी, आणि वेगळी. निम्मं हिरवं पाणी आधीच काढून उन्हात ठेवा. टाकीचं पाणी बदलताना निघालेलं जुनं पाणी कापडातून गाळून त्यात घाला, त्यातल्या नायट्रेटवर शेवाळ वाढतं. टाकीत औषध घातलेलं असेल तर ते पाणी नको. तांबं असलेल्या औषधाने मोइना मरतात. दोन्ही बादल्यांचे मगही वेगळे ठेवा. शेवाळाच्या बादलीत चार मोइना चुकून गेले तरी आठवड्या-दोन आठवड्यांत तिथलं शेवाळ फस्त करतात.

नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवून किंवा अँटीक्लोरीन घालूनच वापरा. बादलीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, नाहीतर पावसाळ्यात तिथे डासांच्या अळ्या होतात.

यीस्टचं प्रमाण ही पत्रकातली सर्वांत घातक चूक. 'रोज एक चमचा' कशाला? २० लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, तेही पाण्यात कालवून आणि हिरवं पाणी कमी पडलं तरच. उरलेलं यीस्ट सडतं, जिवाणू प्राणवायू संपवतात आणि रात्रीत सगळं कल्चर, म्हणजे मोइनांची पैदास, बसतं. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण अंधारात शेवाळही तो वापरतं. मोइना लालसर होऊन वर गोळा झाले, पाणी दुधाळ दिसलं, तर खाद्य थांबवा आणि एअर पंपाचे बुडबुडे हळू सोडा. रोज पाव हिश्शापेक्षा जास्त मोइना काढू नका.

विकत घेताना बाटली उजेडात धरा. शेपटीशी दोन अंडपिशव्या लोंबणारे, झटकन उडणारे जीव दिसले तर ते सायक्लोप्स. ते अगदी लहान पिल्लांवर हल्ला करतात. ती बाटली परत ठेवून दुसरी मागा.