एक प्रायमरी, दोन रेप्लिका: वर्षभराच्या वापरानंतर

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका क्लासची ऑनलाइन टेस्ट सिरीज आम्ही सांभाळतो. पेपर संपला की सगळी मुलं एकदमच निकालावर तुटून पडतात. एकटा पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) डेटाबेस सर्व्हर नेमका तेव्हाच गुदमरायचा, म्हणून त्या मूळ सर्व्हरला, म्हणजे प्रायमरीला, दोन रेप्लिका जोडल्या: तिच्यावरचे बदल घेत राहणाऱ्या, फक्त वाचायच्या प्रती. ही सोय पोस्टग्रेसमध्ये 2010 पासून, म्हणजे 9.0 आवृत्तीपासून आहे. मुरलेली आहे, ते जाणवतं.

निकाल, उत्तरतालिका, जुने पेपर रेप्लिकांवरून जायला लागले आणि प्रायमरी मोकळी झाली. पण लिहिण्याचा भार यातून तसूभरही कमी होत नाही, हे आधीच समजून घ्या. प्रत्येक उत्तर प्रायमरीवरच लिहिलं जातं.

खरी परीक्षा लॅगची, म्हणजे रेप्लिका प्रायमरीच्या मागे पडण्याची. मुलानं पेपर सबमिट केला, पुढचं पान रेप्लिकेवरून आलं आणि ती क्षणभर मागे असली, तर त्याला 'पेपर दिलेला नाही' असं दिसतं. एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची) तयारी करणाऱ्या पोराच्या पोटात तेव्हा काय होत असेल! म्हणून सबमिट केल्यावर काही सेकंद त्या मुलाचं सगळं वाचन आम्ही प्रायमरीकडेच पाठवतो. हे काम डेटाबेस करून देत नाही, ॲप्लिकेशनमध्येच लिहावं लागतं.

रँक लिस्टची लांबलचक क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, हा दुसरा त्रास. प्रायमरीकडून आलेला बदल त्या क्वेरीच्या आड आला, तर रेप्लिका साधारण 30 सेकंद थांबते आणि क्वेरी रद्द करते. 'हॉट स्टँडबाय फीडबॅक' (रेप्लिकेवर चालू असलेल्या क्वेरींची खबर प्रायमरीला देणारी सेटिंग) चालू केलं तर क्वेरी वाचते, पण प्रायमरीवर मेलेल्या ओळी, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या नोंदींच्या जुन्या प्रती, साचत जातात. त्यापेक्षा एक रेप्लिका फक्त रिपोर्टसाठी ठेवून तिची थांबायची मुदत वाढवणं मला पटलं. ती मागे पडली तरी कुणाचं अडत नाही.

पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन सगळ्यांमध्ये वाटून वापरणारं साधन) मात्र पहिल्या दिवसापासून लावा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते आणि मूळ मर्यादा 100 चीच असते.

रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका कुठपर्यंत पोचली याची प्रायमरीवरची नोंद) वापरत असाल तर बंद पडलेल्या रेप्लिकेसाठी प्रायमरी बदलांचे लॉग साठवत बसते आणि डिस्क भरते. 13 व्या आवृत्तीपासून त्यावर मर्यादा घालता येते, ती घालाच. आणि बॅकअप वेगळा हवाच, कारण चुकून चालवलेलं डिलीट रेप्लिकेवरही लगेच पोचतं.

शार्डिंगचा, म्हणजे डेटा तुकडे करून वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवण्याचा, विषय आमच्याकडेही निघाला होता. आमच्या आकाराच्या कामाला ते नको, असं माझं ठाम मत आहे. तिसरी रेप्लिकाही सध्या घेत नाही. ते पैसे प्रायमरीच्या रॅमवर घालतोय.