मोठ्या रोस्टसाठी लांब सुरी: स्विस, जपानी की जर्मन?

तुमच्या घरी मटण दुकानातूनच तुकडे होऊन येत असेल आणि रस्सा, सुकं किंवा बिर्याणीच होत असेल, तर ही सुरी घेऊ नका. हाडं तोडायचं काम खाटकाच्या सत्तुराचं, त्यात लांब सुरीला काहीच वाव नाही. पण अख्खी रान (बकऱ्याची मागची तंगडी), पोर्कचा रोस्ट, हॅम किंवा अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची टर्की करत असाल, तर नेहमीची शेफ नाइफ अपुरी पडते. तिचं पातं रुंद, त्यामुळे मांसाला घासत जातं. लांबीही कमी, म्हणून करवतीसारखं पुढे-मागे करावं लागतं आणि कापाच्या तोंडावर पायऱ्या उमटतात.

तेव्हा आधी लांबी ठरवा, पोलादाचा विचार नंतर. पातं मांसाच्या रुंदीपेक्षा चार-पाच इंच जास्त हवं. टर्कीच्या छातीच्या एका बाजूला दहा इंच पुरतात. मोठ्या रोस्टला आणि ब्रिस्केटला (गाईच्या छातीच्या मोठ्या तुकड्याला) बारा घ्या.

बहुतेकांनी स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सची, फायब्रॉक्स या कृत्रिम मुठीची बारा इंची सुरी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पातं अरुंद, टोक गोल, आणि दोन्ही अंगांना लांबट खळगे. हे खळगे इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या ग्रँटन कंपनीने १९२८ मध्ये आणले. त्यांच्यामुळे पातं आणि काप यांच्यात हवा राहते आणि ओलसर, पातळ काप चिकटत नाही. हॅम कापताना हा फरक चांगला जाणवतो. जाड काप करणाऱ्याला फारसा नाही. पोलाद तसं मऊ, कठीणपणाच्या रॉकवेल मोजणीत ५५-५६ च्या आसपास. धार लवकर बोथट होते हे खरं, पण धारेच्या दांडीवर चार-पाच वेळा फिरवली की पुन्हा चालू लागते. मूठ दिसायला साधी असली तरी चरबीने माखलेल्या हातातून सटकत नाही. तिघींत स्वस्तही हीच.

जपानी सुजिहिकी, म्हणजे मांसाचे काप करायची लांब अरुंद सुरी, २७० किंवा ३०० मिलिमीटरची मिळते. व्हीजी-१० पोलादाची असेल तर कठीणपणा ६० च्या घरात, पातं पातळ आणि धारेचा कोन अरुंद. टर्कीच्या भाजलेल्या कातडीवर तिचं कसब दिसतं. मुठीजवळची धार कातडीवर टेकवा, दाब न देता पातं टोकापर्यंत सलग ओढा. कातडी न सरकता, न फाटता कापाबरोबर येते आणि पाटावर रस जेमतेम पाझरतो. पण हाडावर आपटली तर धारेचे कपचे उडतात, आणि खाचांच्या लोखंडी दांडीवर घासणंही तिला मानवत नाही. तिला पाण्याचा दगडच हवा. १००० आणि ३००० ग्रिटचे (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दोन घरात असावेत. गल्लीत चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे ही सुरी कधीही देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ धार तापते, पोलादाचं पाणी (कठीणपणा) उतरतं आणि मग ती धार टिकत नाही. दगडावर बसायची आवड नसेल, तर दुपटीहून जास्त पैसे हिच्यात घालू नयेत.

तिसरी जर्मनीतल्या झोलिंगनची आठ-नऊ इंची कार्व्हिंग नाइफ, व्युस्टहोफ किंवा झ्विलिंगची. ही टोकदार, पाठीला जाड. रानेचं मांस हाडालगत सोडवायला आणि टर्कीच्या तंगडीचा सांधा शोधायला टोक लागतं. गोल टोकाच्या सुरीने ते जमत नाही. छोट्या कुटुंबाला, दीड-दोन किलोच्या रोस्टला ही एकच पुरे. मोठ्या रोस्टवर मात्र लांबी कमी पडते आणि पुन्हा पायऱ्या येतात. म्हणून टर्की करणाऱ्यांनी बारा इंची सुरीच्या जोडीला सहा इंची बोनिंग नाइफ (हाडावरून मांस सोडवायची टोकदार सुरी) ठेवावी. छाती हाडावरून अख्खी उतरवायची, पाटावर ठेवायची आणि तंतूंना आडवं कापायचं. ही जोडी कुठल्याही एका महागड्या सुरीपेक्षा जास्त कामाची आहे.

विजेच्या सुरीबद्दलही विचारणा होते. मनगट दुखत असेल तर जरूर घ्या, एरवी तिच्याने काप खरबरीत होतो. दातेरी ब्रेड नाइफ कडक सालीत चटकन शिरते, पण आतलं मऊ मांस ओरबाडते.

सुरी कुठलीही असो, रोस्ट ओव्हनमधून काढल्यावर वीस-तीस मिनिटं थांबा. लगेच कापलात तर बराच रस पाटावर वाहून जाईल आणि दोष सुरीला लागेल.

घेण्याआधी जागाही मोजून पाहा. बारा इंची सुरी मुठीसकट सतरा-अठरा इंच भरते आणि बऱ्याच खणांत मावत नाही. पात्याचं प्लॅस्टिकचं म्यान सोबतच मागवा. परदेशातून आणणार असाल तर ती म्यानात घालून, नीट गुंडाळून चेक-इनच्या बॅगेतच ठेवा; केबिनच्या सामानात चालत नाही.