विश्रामबागेतील एस्टोनिया : पाच रविवारांच्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

सांगलीत विश्रामबाग भागातील एका अभ्यासिकेने ‘सोव्हिएत काळानंतरचे एस्टोनिया : नेते आणि पक्ष’ या विषयावर पाच रविवारांचा अभ्यासवर्ग घेतला. वेळ सकाळी दहा ते साडेबारा होती आणि शुल्क नऊशे रुपये. त्यातच ऐंशी पानांची छापील टिपणे मिळाली. वर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले निम्म्याहून अधिक होती. उरलेल्यांत माझ्यासारखे निवृत्त शिक्षक, दोन वकील आणि हळदीच्या व्यापारातील एक गृहस्थ होते. पुढच्या तुकडीत नाव घालावे की नाही, असे अनेकांनी विचारल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

एस्टोनियाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील सांगली जिल्ह्याच्या अठ्ठावीस लाखांच्या निम्मी. एवढ्याशा देशाच्या पक्षांची नावे पाठ करून आपल्याला काय मिळणार, ही शंका पहिल्या दिवशी माझ्याही मनात होती. ती पहिल्याच सत्रात फिटली, आणि त्याचे श्रेय व्याख्यात्यांच्या मांडणीला आहे.

त्यांनी सुरुवात १९९१ पासून न करता १९८९ च्या नागरिक समित्यांपासून केली. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळलेले १९१८ चे एस्टोनियन प्रजासत्ताक कायद्याने कधी संपलेच नाही, तेव्हा त्याच्या भवितव्याचा निर्णय त्याचे नागरिक आणि त्यांचे वंशजच घेऊ शकतात, अशी या समित्यांची भूमिका होती. त्यांनी गावोगावी नागरिकांची नोंदणी केली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ‘एस्टोनियाची काँग्रेस’ ही स्वतंत्र प्रतिनिधी सभा निवडून आणली. अधिकृत सोव्हिएत विधिमंडळ चालू असतानाच शेजारी दुसरी सभा भरते आणि लोक तिला आपली मानतात, हे ऐकताना कुंडलच्या आणि नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या गोष्टींवर वाढलेल्या आम्हा लोकांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. तरीही व्याख्यात्यांनी फरक नेमका दाखवला : आपले प्रतिसरकार भूमिगत राहून गावगाडा आणि न्यायनिवाडा चालवत होते, तर एस्टोनियात उघडपणे नोंदवह्या भरल्या गेल्या आणि झगडा मुख्यतः कायदेशीर वारशाचा होता. दुसऱ्या बाजूला एडगर साव्हिसार यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये उभी राहिलेली लोकआघाडी होती. असलेल्या विधिमंडळातूनच, टप्प्याटप्प्याने आणि सर्व रहिवाशांना बरोबर घेऊन पुढे जावे, असे तिचे म्हणणे होते. मॉस्कोत बंडाचा प्रयत्न चालू असताना २० ऑगस्ट १९९१ रोजी या दोन्ही प्रवाहांनी तडजोड केली, स्वातंत्र्य पुनःस्थापित झाल्याचा ठराव झाला, आणि संविधान सभेत दोन्ही बाजूंचे तीस-तीस सदस्य बसले. पुढील तीस वर्षांच्या पक्षीय राजकारणाचे बीज या तडजोडीत आहे, हे सूत्र व्याख्यात्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

दुसरे सत्र १९९२ या एका वर्षावर होते, आणि माझ्या मते ते सर्वांत उत्तम झाले. जानेवारीत साव्हिसार यांचे सरकार गेले, जूनमध्ये रूबल सोडून क्रोन हे चलन आले आणि आठ क्रोनला एक जर्मन मार्क असा दर बांधला गेला, त्याच महिन्यात सार्वमताने संविधान मंजूर झाले, आणि सप्टेंबरमध्ये १०१ सदस्यांच्या ‘रीगीकोगू’ या संसदेची निवडणूक झाली. ‘इसामा’ म्हणजे पितृभूमी या आघाडीला २९ जागा मिळाल्या आणि मार्ट लार हे बत्तीस वर्षांचे इतिहासकार पंतप्रधान झाले. राष्ट्राध्यक्षपदासाठी जनतेची सर्वाधिक मते सोव्हिएत काळात उच्चपदे भूषविलेल्या आर्नोल्ड रूटेल यांना होती. पण बहुमत न मिळाल्याने निवड संसदेकडे गेली आणि तिने लेनार्ट मेरी यांना निवडले. त्यानंतर राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक झालेली नाही. मेरी यांचे बालपणीच कुटुंबासह सैबेरियात निर्वासन झाले होते, आणि पुढे त्यांनीच परागंदा सरकारकडून अधिकारांचा वारसा स्वीकारला. तो प्रसंग सांगताना वर्गात पूर्ण शांतता होती.

लार यांनी अनुदाने तोडली, सरकारी उद्योग विकले आणि १९९४ पासून सर्वांना २६ टक्के असा एकच आयकर दर लावला. त्याच वर्षी जुन्या रूबल नोटांच्या विक्रीच्या प्रकरणात अविश्वास ठराव मंजूर होऊन ते गेले. तिसऱ्या सत्रातील मुख्य मुद्दा इथून सुरू होतो. ऑक्टोबर १९९२ ते एप्रिल २००५ या काळात पंतप्रधानपद आठ वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेले, पण बांधलेले चलन, अंदाजपत्रकाची शिस्त, नाटो आणि युरोपीय संघ ही दिशा कोणीही मोडली नाही. २००४ मध्ये दोन्ही सदस्यत्वे मिळाली, २०११ मध्ये युरो आला. सरकार पडणे आणि राज्य डळमळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नागरिकशास्त्र शिकवताना पुष्कळदा सांगितले. इतके ठोस उदाहरण मात्र माझ्याकडे तेव्हा नव्हते. प्रमाणशीर मतदान आणि किमान पाच टक्के मतांची अट यांमुळे एका पक्षाला बहुमत मिळत नाही, म्हणून तेथे आघाडी हीच नेहमीची रीत आहे. २०१९ मध्ये ३४ जागा मिळवून पहिल्या आलेल्या रिफॉर्म पक्षाला बाहेर ठेवून २६ जागांच्या सेंटर पक्षाचे युरी राटास यांनी ‘इक्रे’ हा उजवा राष्ट्रवादी पक्ष आणि इसामा यांच्यासह सरकार बनवले, हे ऐकताच त्याच वर्षीच्या मुंबईतील घडामोडी आठवून मुलांनी प्रश्नांची सरबत्ती केली. व्याख्यात्यांनी त्यांना थांबवले नाही आणि विषयही भरकटू दिला नाही.

चौथ्या सत्राबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. साव्हिसार यांना त्यात केवळ खलनायकाच्या भूमिकेत उभे केले गेले. इतर राजकारण्यांची बोलणी चोरून मुद्रित केल्याचे १९९५ चे प्रकरण आणि २००४ चा रशियातील सत्ताधारी पक्षाशी केलेला करार हे सांगायलाच हवे. पण त्यांचा सेंटर पक्ष इतकी वर्षे रशियन भाषकांचा आधार का राहिला, हे समजल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. १९९२ मध्ये युद्धपूर्व नागरिकत्वाचा कायदा पुन्हा लागू झाल्याने सोव्हिएत काळात आलेल्या कुटुंबांना भाषेची परीक्षा देऊनच नागरिक होता येऊ लागले, आणि लोकसंख्येचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पहिल्या निवडणुकीत मतदानाबाहेर राहिला. त्यांना स्थानिक निवडणुकीत मत देता येत असे, म्हणून राजधानी तालिन आणि रशियाच्या सीमेवरील नार्वा या शहरांच्या नगरपालिका त्यांच्या राजकारणाचे केंद्र बनल्या. २०२५ मध्ये घटनादुरुस्तीने तो हक्कही आक्रसला. ‘एस्टोनियाच्या काँग्रेस’च्या ज्या युक्तिवादाने देशाला वारसा परत मिळवून दिला, त्यातूनच ही दरी निर्माण झाली. पहिल्या सत्रात एवढे बारकाईने बोललेल्या व्याख्यात्यांनी हा धागा जोडला नाही, याचे मला वाईट वाटले. टिपणांत या विषयाला जेमतेम दीड पान आहे.

पाचवे सत्र घाईत झाले. २००५ मध्ये पंतप्रधान झालेल्या आंद्रुस अन्सिप यांची नऊ वर्षे, २००७ मध्ये संसदेच्या निवडणुकीत आलेले इंटरनेट मतदान, माजी पंतप्रधान सीम कल्लास यांच्यानंतर १८ वर्षांनी त्यांच्या कन्या काया कल्लास यांनी २०२१ मध्ये घेतलेली पंतप्रधानपदाची सूत्रे आणि २०२४ मध्ये त्यांच्या जागी आलेले क्रिस्टेन मिखाल, हे सारे अडीच तासांत मावणारे नव्हते. घराणेशाहीबद्दल आपल्या जिल्ह्यात विचारण्याजोगे कितीतरी प्रश्न होते. त्यांना वेळ उरला नाही.

सोयींबद्दल थोडक्यात : खोली हवेशीर आहे, फळ्यावरचा नकाशा मागच्या बाकावरून दिसत नाही, टिपणांतील विशेषनामांचे लेखन पानागणिक बदलते. शुल्क वाजवी आहे. परीक्षार्थींनी पहिली तीन सत्रे चुकवू नयेत. रशियन भाषकांच्या प्रश्नासाठी सहावा रविवार वाढवावा, असे पत्र मी अभ्यासिकेच्या चालकांना दिले आहे, आणि तो वाढवला तर त्याचे वेगळे शुल्क भरून मी पुन्हा बसणार आहे.